उपासाचे पंचावन्न दिवस

मोठा उपास लागला की
केबेरो खुंटीला टांगायचा, ही इथली रीत.
मीच टांगतो.
गळ्यातली वादी दोनदा गुंडाळून,
तोंड भिंतीकडे करून,
रुसलेल्या पोराला निजवावं तसा.
मग ईस्टरपर्यंत
माझ्या हातांना काम नाही.

बायको म्हणते, लाकडं फोड.
फोडतो.
निलगिरीचा ओंडका दुभंगतो
तो नेमका मात्रेवर,
आणि मी कुऱ्हाड खाली ठेवतो
चोरी पकडल्यासारखा.

मध्यरात्र उलटली की टेकडी चढतो.
जोडे दाराबाहेर.
ताना सरोवराचा गारठा
दगडातून तळव्यात, तळव्यातून पोटरीत.
चौदा माणसं, चौदा काठ्या,
समोरासमोर दोन पांढऱ्या ओळी.

पाहुणा कधी आलाच तर कुजबुजत विचारतो,
नाच केव्हा सुरू होणार?
तोवर तास होऊन गेलेला असतो.
गुडघा जरासा मऊ होतो, एवढंच.
काठी वीतभर उचलते, टेकते.
भार या पायावरून त्या पायावर,
भरली घागर
न हिंदकळता खांदा बदलते तसा.

अलेका वोर्कनेह यांचे कान जाऊन नऊ वर्षं झाली.
आधी डावा गेला, मग उजवा,
न सांगता घर सोडणाऱ्या भाडेकरूंसारखे.
वाटलं होतं, आता घरी बसतील.
ते आले.
सणासुदीला मी त्यांच्याजवळ सरकायचो,
थाप जरा जोरात मारायचो.
म्हाताऱ्याला सांभाळून घेतो आहोत,
अशा समाधानात घरी जायचो, झोपायचो.

यंदा तिसऱ्या आठवड्यात
ओळी विस्कटल्या.
ढोल नाही, धरायला काही नाही.
एंदालकाचेव, नवा पोरगा, पुढे पळाला,
थोरले मागे राहिले,
काठ्या एकेक करून वाजू लागल्या
भाजणीत फुटणाऱ्या दाण्यांसारख्या.
स्तोत्र चालू, पण उसवलेलं.
माझे रिकामे हात शम्म्याखाली मांडीवर
काहीबाही मोजत राहिले.

मग एकाची नजर वळली. मग दुसऱ्याची.
अलेकांची हनुवटी काठीच्या मुठीवर,
डोळे मिटलेले,
आणि काठी उतरत होती
जिथे उतरायला हवी तिथेच.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
कोंबडं आरवलं तेव्हा
चौदा काठ्यांचा
एकच आवाज होता.

बाहेर जोडे शोधताना मी त्यांची बाही ओढली.
बोटाने कान दाखवला, काठी दाखवली,
भुवया उंचावल्या.
त्यांनी माझा तळवा मुठीवर ठेवला
आणि काठी पायरीवर आपटली.
कोपरापर्यंत मुंग्या आल्या.
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
"तुझा ढोल मी इथून ऐकतो.
कानांनी ऐकायचो तेव्हा लक्षात आलं नव्हतं,
तू घाई करतोस."
सगळ्यांनी ऐकलं.

मी हाताने खुंटी दाखवली,
रिकाम्या हवेत थाप मारली. आणि आता?
ते हसले. दोन दात.
माझा हात तसाच धरून ठेवला.
या वेळी काठी आपटली नाही.
उभी, गप्प.
बऱ्याच वेळाने खालून काहीतरी आलं.
माझीच नाडी असेल.
सरोवर असेल.
किंवा गाढवावर पाणी घेऊन वर येणारा
झेलेके असेल, त्याचं जनावर पाय आपटतं.
मी विचारलं नाही.

फासिकाच्या रात्री केबेरो उतरवला.
धूळ पुसली, वादी गळ्यात घातली.
आवार माणसांनी आणि मेणबत्त्यांनी गच्च,
सगळे पहिल्या थापेची वाट बघत.
मी हात उचलला
आणि थांबलो.
मागून कुणीतरी म्हणालं, विसरला की काय.
विसरलो नव्हतो.
अलेकांची काठी अजून हवेत होती.