भांगाचे दिवस

उधाणाच्या दिवसांत काम असतं.
पाणी लांब, दीपगृहाच्या कातळापर्यंत हटतं
आणि आम्ही साठ-सत्तर बायका गुडघाभर चिखलात
दाताळं ओढत तिसऱ्या उकरतो.
कंबर मोडते. बरं असतं.
मोडलेल्या कंबरेला दुसरं काही आठवत नाही.

भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.
इथे गॅलिसियात त्याला मेलेलं पाणी म्हणतात.
बाकीच्या बायका तेव्हा पडदे धुतात,
सुनांची उणीदुणी काढतात.
मी हात मांडीखाली दाबून बसते.

अकरा वर्षं झाली.
लोकांना आकडा आवडतो, म्हणून सांगते.
मला आठवते ती सकाळी आठची पांढरी बस,
धक्क्यावर थांबणारी, आरोग्य खात्याची,
इवल्या प्लॅस्टिकच्या पेल्यातलं मेथाडोन,
आणि रांगेत माझ्यापुढे उभा असणारा शोआन,
शाळेत कवायतीला झेंडा धरायचा तो.
एका मंगळवारी त्याच्या जागी नुसती जागा होती.
रांग सरकली.
मीही सरकले.

आमच्या खाडीत रात्री बोटी यायच्या, दिवे विझवून.
आधी तंबाखू उतरायचा, मग दुसरं काही.
बोटींच्या मालकांनी टेकडीवर बंगले बांधले.
आमच्या गल्लीतली पोरं
टेकडीच्या दुसऱ्या बाजूला गेली,
सायप्रसच्या झाडांखाली, ओळीनं.

ब्राइसला पहिली सुई मी दिली.
माझा भाऊ. त्यानं मागितली, हे खरं,
पण दिली मी.
हे वाक्य गटात मोठ्यानं म्हणायला मला दोन वर्षं लागली.
म्हटलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी आपली खुर्ची थोडी जवळ ओढली,
फरशीवर पाय घासल्याचा आवाज झाला,
एवढंच.

सोसायटीनं आम्हाला एकेक पत्रा दिलाय, भोक पाडलेला.
भोकातून निसटेल ती तिसरी कोवळी,
ती परत चिखलात टाकायची.
एकही पिशवीत सापडली तर दंड.
मी प्रत्येक मापून बघते, बायका हसतात,
साबेला, तुला कधी घरी जायचं की नाही?
ब्राइस एकोणीसचा होता.

गेल्या वर्षी दात बसवले, हप्त्यांवर.
जुने कधी पडले, कुठे पडले, सांगता येणार नाही.
पहिल्या दिवशी एक सफरचंद घेतलं,
चावलं तर केवढा आवाज!
आईनं शिवणावरून मान वर केली.
'हळू खा,' म्हणाली,
आणि बराच वेळ सुई हातात तशीच धरून बसली.
मशीन नाही. ते मी विकलं होतं.

माझी आई, दोरिंदा, वय एक्क्याऐंशी,
अजून पाकीट घेऊन न्हाणीघरात जाते.
मी बघत नाही असं दाखवते,
मला दिसत नाही असं ती दाखवते.
आमचा संसार यावर छान चाललाय.

आज भांग. पाणी जिथल्या तिथे.
सकाळपासून अंगात ती जुनी खाज,
गुडघ्याच्या आत कुठेतरी, जिथे नख पोचत नाही.
तेवढ्यात न्हाणीघराचं दार किलकिलं झालं,
ओला हात बाहेर आला, हातात पाकीट.
'पाव संपलाय,' आतून आवाज.
सुटे पैसे नाही. अख्खं पाकीट.

बेकरीपर्यंत दोनशे पावलं आहेत.
मधे एक कोपरा आहे, त्याच्याबद्दल लिहीत नाही.
पाव घेतला. अर्धा डझन अंडीही घेतली,
कुणी सांगितली नव्हती.

आई टेबलाशी बसून पैसे मोजतेय,
नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, ओठ हलताहेत.
मोजू दे.
अंड्यांपाशी अडलीय, पुन्हा पहिल्यापासून.

अजून चार दिवस, मग अमावास्या.
दाताळ्याचा दांडा सैल झालाय.
तेवढा ठोकून ठेवते.