पालथं पडून ऐकण्यासाठी

गांगुर्डे, पडदा चिकटला म्हणतात, बरं झालं.
आता दहा दिवस पालथं पडायचं,
डोळ्यातला वायूचा बुडबुडा वर जाऊन
पडद्याला टेकून राहील असं.
म्हणजे दहा दिवस जेल रोडवरच्या त्या खोलीतली फरशी
आणि भेटायला येणाऱ्यांची बोटं, पायाची.
माणसं नखांवरून ओळखायला लागाल तोवर
तुमच्या निशिकांतच्या फोनमध्ये थोडं भरून दिलंय.

गाणी नाहीत. कथा-कादंबऱ्याही नाहीत,
रडणं डोळ्याला वर्ज्य आहे.

दीपस्तंभांचं पुस्तक आधी लावा. साडेअकरा तासांचं.
लिहिणारा स्वतः दिवा सांभाळणारा, वाचणारी एक बाई.
पहिला तास नुसता सरकारी पत्रव्यवहार,
घासलेट किती, काच कधी तडकली, रजा का नामंजूर.
सोडू नका. आपण दोघं असल्याच कागदांवर जगलो.
दुसऱ्या तासाला धुकं येतं,
माणूस होडी आवाजावरून ओळखायला लागतो,
आणि चहा निवतो.

पॉडकास्ट म्हणाल तर सिन्नरच्या दोन मास्तरणींचा.
मोडीत निघालेल्या धंद्यांतल्या माणसांना घरी बोलावतात,
कल्हईवाला, पिंजारी, पाट्याला टाकी लावणारी.
कुकरच्या शिट्ट्या तशाच ठेवल्यात.
तिसऱ्या शिट्टीला एक बाई उठून जाते,
दुसरी थांबत नाही, जरा मोठ्यानं बोलते.
एकोणिसावा भाग चुकवू नका. टाकीवाली म्हणते,
किती ठोकायचं ते पाटाच सांगतो.
आवाज बसका झाला की हात उचलायचा.

हाडं कशी सांधतात त्याचं एक आहे, उत्तम आहे,
ते आता नको.
दुखणं अंगावर असताना दुखण्याचं पुस्तक
म्हणजे सासरच्या माणसांदेखत सासरची चर्चा.
मध्येच यशाची सूत्रं सांगणारे आपोआप सुरू होतील,
मागे बासरी वाजते.
निशिकांतला हाक मारा, बंद करायला सांगा.

कागदाचं मी शेवटी ठेवलंय.
नोटांचे ताव उजेडाला धरून तीस वर्षं
रेघ तुटली का, आकडा सरकला का,
एवढंच बघितलं आपण.
त्यात चिंध्या वेचून भिजवणाऱ्या बायकांचं अख्खं प्रकरण आहे.
कुणाचा सदरा, कुणाचं धोतर,
बटणं काढून हौदात.
त्या दिवशी दहाची नोट बराच वेळ चोळत राहिलो.
भाजीवाली म्हणाली, खोटी आहे का बाबा?

मला हा नाद कसा लागला, तुम्ही कधी विचारलं नाहीत.
मंदाकिनीला ऐकू येईनासं झालं त्या वर्षी.
दिवसभर मी ऐकायचो,
संध्याकाळी वहीत लिहून तिच्यापुढे ठेवायचो.
ती वाचते. लाल पेनानं माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारते
आणि समासात लिहिते, पुढे?
अकरा वह्या झाल्यात.

एक काम मात्र करा.
दीपस्तंभात पाच तास बारा मिनिटांवर बाई मध्येच थांबते.
मागे, लांब कुठेतरी, काहीतरी दणकतं. दोनदा.
मग श्वास घेऊन ती तेच वाक्य पुन्हा वाचते.
कापायचं राहून गेलंय ते.
मला ती देवळालीची तोफ वाटते, सरावाची.
म्हणजे वाचणारी इथलीच कुणी,
लॅम रोडची, भगूरकडची,
खिडकी लावायची विसरलेली.
चार वेळा मागे नेऊन ऐकलं, पक्कं सांगता येत नाही,
आणि घरात विचारू कुणाला?
मशीनचा पट्टा सैल झाला की प्रेसमध्ये
माझ्या आधी तुमच्या कानांना कळायचं.
पडल्या पडल्या ऐका.
तोफ असेल तर तोफ म्हणा,
दार असेल तर दार.