सात सेंटिमीटर

ट्रॉम्बेच्या जेटीवर पितळेची एक टिकली आहे,
काँक्रीटमध्ये रुतलेली, मधोमध करवतीची फुली.
तिचं पूर्व माहीत आहे, उत्तर माहीत आहे,
समुद्रसपाटीपासूनची उंचीही.
एवढं पक्कं या वस्तीत दुसरं काही नाही,
म्हणून तिथूनच सुरुवात.

बाबल परब तिपाई रोवतो.
खात्यात त्याच्या पदाला खलाशी म्हणतात;
उभ्या जन्मात तो पाण्यावर गेलेला नाही,
होडी पाहिली तरी त्याला मळमळतं.
मी बुडबुडा मध्यावर आणते, श्वास रोखून,
आणि आधी मागे बघते: माहुलकडची लालपांढरी चिमणी.
मागचं पाहिल्याशिवाय पुढचा कोन वाचता येत नाही.
(हा नियम आहे. सुविचार म्हणून भिंतीवर लावू नये.)

मग बोळ.
सरळ रेषेच्या आड येतात
मोटारसायकल, निळी पिंपं, जाळ्यांचा ढीग,
दोरीवरची साडी, कुणाची तरी आंघोळ.
अंतर गुणिले कोज्या, म्हणजे उत्तर.
अंतर गुणिले ज्या, म्हणजे पूर्व.
ज्या म्हणजे धनुष्याची दोरी.
शाळेत बाईंनी फळ्यावर धनुष्य काढलं होतं,
बाण काढायच्या आत तास संपला.

सहाव्या ठाण्यावर नखुबाय भांजी,
बोंबलांच्या वलांडीखालून वाकून आली.
"गो, माजा खला हाय का तुज्या कागदावर?"
नव्हता. तिथे कोरी जागा,
आणि कडेला बारीक अक्षरात: खाजण, शासकीय.
"आन तो खुंट?"
हनुवटीनं दाखवला. खाडीत, चिखलापलीकडे,
शेवाळलेला.
होडी विकून नऊ वर्षं झाली.

तिथे जाता येत नाही, बाबल तर जाणारच नाही.
पण जावं लागतही नाही.
दोन ठाण्यांवरून दोन कोन घ्यायचे,
मधलं अंतर आपल्याला ठाऊक असतं,
दोन रेषा चिखलावरून न भिजता निघतात
आणि भेटतात तिथे तो असतो.
कामाच्या यादीत खुंट नव्हता.
तरी घेतला, डाव्या तोंडानं, उजव्या तोंडानं, दोनदा.
टिपणवहीचा कोपरा फाडून लिहून दिलं:
पूर्व इतकं, उत्तर इतकं, दशांशानंतर तीन घरं.
तिनं वाचलं नाही,
चंचीत सुपारीशेजारी ठेवलं.
"भरतीला बुरला तरी हाय ना तो आता?"
मी म्हटलं, आहे.

संध्याकाळी पुन्हा जेटी, पुन्हा तीच टिकली.
जिथून निघालो तोच बिंदू अनोळखी समजायचा,
अकरा रेषांच्या हिशेबानं नव्यानं काढायचा,
आणि जुन्याशी ताडून बघायचा.
नाही जुळला. सात सेंटिमीटर.

कुणाची चूक, असं विचारत नाहीत.
तिपाईचा पाय उन्हात डांबरात खचला असेल,
बाबलच्या हातातली काठी शिंकेसरशी हलली असेल,
माझा डोळा असेल.
चूक वाटून टाकायची असते,
ज्याची रेषा लांब, त्याला जास्त.

कचेरीत पंख्याखाली वाटत बसले.
एकूण चारशे बारा मीटर.
नखुबायच्या दारावरची रेषा पस्तीस, म्हणजे सहा मिलिमीटर;
आधीच्या रेषांचे धरून सव्वातीन सेंटिमीटर.
तिचा उंबरा तेवढा सरकला, खाडीच्या दिशेनं.
आत ती बहुधा जेवत असेल.

मग ध्यानात आलं,
खुंटही याच ठाण्यांवरून काढला होता.
चंचीतला आकडा आता खोटा,
आणि नकाशात खुंट नाहीच,
म्हणजे दुरुस्ती करायला जागाही नाही.

बाबल काठीचा चिखल खरवडत होता.
त्याला सांगितलं. त्यानं थोडा वेळ घेतला.
"सांगा तिका, खुंट वायच सरकलो.
पाण्यातला लाकूड ता. सरकताच."