इमान

तारामुंबरीच्या खाडीकाठी, होड्यांच्या जुन्या मांगरात
विश्राम खोबरेकर विमान बांधतो.
वाडी त्याला इमान म्हणते.
"इमान झाला काय रे, विश्राम?"
"पंख झाले. तारा ऱ्हवल्यो."

मी त्या तारांसाठी.
आयटीआय झालेली, देवगड बंदरात
ट्रॉलरचे दिवे जोडणारी एकटीच मुलगी.
पहिल्या दिवशी दातांनी तार सोलली,
दोन टोकांना पीळ दिला, वर काळी टेप.
तो काही बोलला नाही.
दोन बोटांत धरून हलकेच ओढली.
टेप माझ्या हातात राहिली, तार त्याच्या.

मग सुरुवातीपासून.
एकोणीस केसांची तार, कथील चढवलेली,
कारण खारा वारा तांबं हिरवं करत
वीतभर आत शिरतो, रबराखालून,
दिवा पेटत असतानाच.
सोलताना एक केस तुटला तरी टोक छाटायचं.
पत्र्यातून तार नेताना भोकाला रबरी कडं,
खाली थोडा झोळ, म्हणजे पाणी झोळातून गळेल,
जोडात उतरणार नाही.
काळ्या तारा सगळ्या एकाच खिळीला.
आणि इंजिन थरथरतं तिथे डाख नको:
"डाख खंय संपता, थंय तार मरता."
टोपी चढवायची, पकड दाबायची, कट् म्हणेपर्यंत.
मग नळी, मग नळीवर आंच, मग नंबर,
दोन्ही टोकांना तोच.
आणि मग, प्रत्येक वेळी, चेहरा न बदलता:
"वढून बग, चेडवा."

ओढून बघायचं आणि वहीत खूण करायची.
त्याची वही हवाई दलातली, खाकी पुठ्ठ्याची.
माझं अक्षर त्यात उपरं वाटायचं,
शंभराव्या तारेनंतर नाही वाटलं.

मिरगाच्या आधी इंजिन सुरू केलं.
मांगराबाहेर पोरं, कोंबड्या, डबे वाजवणारा वारा.
व्होल्टचा काटा चौदावर उभा राहिला
आणि मान हलवू लागला,
कुणीतरी नाव विचारावं आणि आठवू नये, तसा.

तीन दिवस शोधलं.
विश्रामकाका आरसा घेऊन पोटाखाली झोपला,
मी वही वाचत गेले, एकेक नंबर.
एकशे चौदा. बॅटरीची काळी तार.
पुढे माझी खूण, ठसठशीत.

ती रात्र मला आठवत होती.
बाबांची गजबादेवी नऊला यायची, आली नव्हती.
वायरलेसवर नुसती खरखर, मग तीही नाही.
मी मांगरात हाताला काम म्हणून पकड दाबत होते,
अर्धी दाबून, कान बंदराकडे.
पहाटे होडी आली. बाबांनी चहा मागितला,
म्हणाले, वायरलेस मेला होता, बाकी बरं.
त्या वायरलेसचा जोड माझा होता. पीळ आणि टेप.
हे मी कुणाला सांगितलं नाही,
आणि एकशे चौदासमोर खूण केली.

विश्रामकाकाने तार ओढली.
टोपी अलगद सुटली, दुधाच्या दातासारखी.
मला वाटलं, आता ओरडेल.
"तार सुटतली," तो म्हणाला, "तार हा ती.
खूण कोणी केल्यान?"
"मी."
"मगे खोड."
शाईची होती. खोडताना कागद फाटला.
फाटलेल्या जागेखाली त्याने तारीख घातली
आणि पकड माझ्याकडे दिली.

काटा आता उभा राहतो.
विमान अजून उडालेलं नाही, परवानगीचे कागद
कुठल्या तरी टेबलावर आहेत.

परवा ओहोटीला गजबादेवीवर चढले.
डोलकाठीखालची टेप उकलली,
आतून मोरचुदासारखी भुकटी मांडीवर सांडली.
बाबा जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले,
"दिवो तर पेटता मा?"
"पेटता," मी म्हटलं,
आणि ओढून बघितलं.