चहाचा रंग

रात्री दीडला आईने भिंतीला डोकं टेकलं
आणि म्हणाली, वारा धरलाय.

वारा तिला ईस्टरलाही धरला होता,
बटाटे काढताना धरला होता,
रोसाउराच्या लग्नात, भाजलेल्या डुकरानंतर,
पंगत उठायच्या आत.
दर वेळी बोल्दोच्या पानांचा काढा,
दर वेळी पहाटेपर्यंत उतार.
आमच्या घरात दुखण्याला दोनच नावं:
वारा, आणि काही नाही.

आज चरबीत तळलेल्या सोपाइपिया होत्या.
तीन खाल्ल्या तिने. चौथी माझ्या ताटातली.

कुठे दुखतंय, मी विचारलं.
तिने तळहात ठेवला उजव्या बरगडीखाली,
मग हात मागे वळवून, पोचेना तरी,
खांद्याच्या पात्याकडे बोट केलं,
जणू पुढून शिरलेलं कुणी
मागच्या दाराने निघू बघतंय.
बसवेना. निजवेना.
चुलीभोवती फेऱ्या घालत राहिली
व्यायला आलेल्या गाईसारखी.
ओकली, तरी बरं वाटेना.

चार वाजले. काढा कपात तसाच.
क्लोरिंदा मावशी असाच काढा पीत पीत
आठ दिवसांत गेली.
मी ते बोलले नाही.
आईने ते ऐकलं.

मग हुडहुडी. दोन घोंगड्या, वर माझा कोट,
दात वाजताहेत आणि कपाळ तव्यासारखं.
अँब्युलन्सला फोन लावला:
गाडी बाहेर आहे, दोन तास लागतील.

फाट्यावर पिकअप थांबवली.
डावीकडे उपकेंद्र, सोमवारपर्यंत कुलूप.
सरळ कराहुए, तिथे सलाईन मिळेल, सर्जन नाही.
सर्जन त्याच्याही पुढे, इंपेरिअलला,
निम्मा रस्ता खडीचा,
आणि प्रत्येक खड्ड्याला आई
माझं पूर्ण नाव घेते, आडनावासकट.
उजवीकडे टेकडीवर दोमितिला,
आमची माची, आईच्या आईलाही तपासलेली.
आई म्हणाली, उजवीकडे.

शालीत तिने आधीच बाटली लपवली होती,
सॉसची, बूच घट्ट लावलेली.
माचीकडे लघवी न्यावी लागते.
ती उजेडाला धरून माणूस वाचते.

दोमितिला जागीच होती.
पिकअपच्या दिव्यासमोर तिने बाटली धरली.
चहाचा रंग, विसरून उकळत राहिलेल्या.
हलवली. पुन्हा धरली.
मग आईची खालची पापणी अंगठ्याने ओढली
आणि मला म्हणाली, बघ.
गाडीच्या दिव्यात सगळंच पिवळं दिसतं,
म्हणून मी मोबाईलचा पांढरा उजेड पाडला.
तरीही पिवळं.

"खडा वाट अडवून बसलाय," ती म्हणाली,
"अडलेल्या वाटेवर मी पानं ढकलत नाही.
बोल्दो बंद. ओठ तेवढे ओले कर.
आणि कराहुएला थांबून वेळ घालवू नकोस."

आई रुसली.
साठ वर्षं ज्या दारावर भरवसा ठेवला
त्या दाराने तिला पुढचा रस्ता दाखवला होता.
दोमितिलाने पैसे घेतले नाहीत.
आत गेली, बूट घालून आली,
आणि न विचारता आमच्यात बसली,
आई मधे, दोघींच्या खांद्यांत चेपलेली.

मी चालवत होते आणि मोजत होते:
ईस्टर, बटाटे, लग्न.
तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी
उपकेंद्र उघडं होतं.
तिन्ही वेळा आम्ही कोंबड्यांना दाणे टाकत होतो,
वारा गेला म्हणून खूश.

इंपेरिअलला उजाडत आलं होतं.
नर्सने ताप बघितला, डोळे बघितले,
पोटावर बोटं रोवून श्वास घ्यायला सांगितला;
आईचा श्वास अर्ध्यावर तुटला.
नर्सने कुणाला तरी मोठ्याने हाक मारली,
मग प्लॅस्टिकचा कप पुढे केला:
लघवी लागेल.

आईने दोमितिलाकडे बघितलं.
दोमितिलाने छताकडे.
शालीतून बाटली निघाली.
नर्सने लेबल वाचलं, हलक्या आवाजात:
अतिशय तिखट.
आई, स्ट्रेचरवर, डोळे मिटून:
"सगळ्यांना तेच हवं असतं.
तपासा एकदाचं."