घासाघीस

आर्डिथनं बशी सरकवली. बशीत पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट,
पाकिटात व्हर्लिनचा सेंट.
"तूच सांग, एनॉस, लिलाववाल्यांना काय कळवू."

लँकेस्टरचा फेब्रुवारी. खिडकीच्या कडेला मळका बर्फ.
मी भिंग काढलं. दिवा डावीकडून, तिरपा;
समोरून धरलात तर तांबं खोटं बोलतं.

अठराशे एक. बाईचे केस मोकळे, डोळा जेमतेम,
गालावर दोनशे वर्षांचे अंगठे फिरलेले.
पण ठसा ओळखायला चेहरा लागत नाही.
नाणं पालथं केलं.

पालथ्या बाजूला कारागिराची घाई:
अक्षरं एकेक करून हातानं ठोकलेली,
पहिलंच अक्षर उलटं बसलं, मग त्यावरच सुलटं,
पानांच्या वेढ्याला दोनाऐवजी एकच देठ,
आणि तळाशी अपूर्णांक.
डॉलरचा शंभरावा भाग लिहायला बसला बिचारा
आणि एकाला शून्यानं भागून मोकळा झाला.

कडेजवळ एक बारीक उंच रेघ.
भेग पडते ती ठशाला,
नाण्यावर तीच उचलून येते.
व्हर्लिन त्या रेघेवरून नखाची सावली फिरवायचा,
नख कधी टेकवलं नाही.

वाणाबद्दल आमचा वाद नव्हता. भांडण प्रतीचं.
तो म्हणायचा पंधरा, मी बारा.
केसांमागे कळंकाचे सात टिपके आहेत,
त्यांचे तीन गुण मी कापायचो.
"तांबं तू मला शिकवतोस?
उभा जन्म गेला नळांना डाख देण्यात!"
सव्वीस वर्षं, महिन्याचा दुसरा गुरुवार,
एका सेंटावरून घासाघीस;
सेंट मात्र उंटाच्या केसांच्या ब्रशखेरीज
कुणी घासला नाही.

पाकिटावर पेन्सिलीनं पंधरा.
त्याखाली खोडलेले बारा.
त्याखाली पुन्हा खोडलेलं काहीतरी,
कागद तिथे इतका विरलाय
की दिवा आरपार दिसतो.

मी तोंड उघडलं. पंधरा म्हणायला किती लागतं?
"थांब," आर्डिथ म्हणाली. "त्यानं सांगून ठेवलंय,
एनॉस पंधरा म्हणाला तर समज, दया करतोय.
मग दुसऱ्या कुणाला दाखव."

बाहेर कुणीतरी फावड्यानं रस्ता खरवडत होतं.

"बारा," मी म्हणालो.
"बरं," म्हणाली, आणि कॉफी ठेवायला उठली.

मी भिंग पुसत बसलो.
तेरा म्हणता आलं असतं, पण
आमच्या पट्टीवर तेरा नसतात.