ओळखीचे दोन जण

फॉर्मवर दोन रकाने असतात
नात्यात नसलेल्या माणसांसाठी.
पहिल्यात घारपुऱ्यांनी दातांच्या डॉक्टरचं नाव घातलं,
दुसऱ्यात माझं.
फोन केला होता खरं तर स्पेलिंग विचारायला,
मग ओघात म्हणाले, "शेरीफच्या ऑफिसातून विचारतील कदाचित,
माणूस कसा आहे म्हणून. सांगा काहीतरी."

कुरुंदवाडला आमच्या शाळेत
हेडमास्तर दाखल्यावर लिहीत,
वर्तणूक : चांगली.
सगळ्यांची चांगलीच असायची,
प्रयोगशाळेच्या काचा फोडणाऱ्या बंडगरचीसुद्धा.
शिक्का मात्र खरा.

इथे ईस्टनला कोर्ट टेकडीवर आहे.
वीस डॉलर, एक फोटो,
आणि हो-नाहीची लांबलचक माळ :
कधी शिक्षा झाली होती का,
मनाच्या आजारासाठी कोणी बळजबरीने
दवाखान्यात ठेवलं होतं का,
दारू, गर्द, काही.
घारपुऱ्यांनी सगळीकडे नाहीवर फुली मारली
आणि त्यातली एकही खोटी नव्हती.
वहिनी गेल्यापासून झोप लागते का,
हे सरकारला विचारायचं सुचलं नव्हतं.

त्यांचं लाँड्रोमॅट उतारावर,
बावीस मशीन, रात्रभर दिवे.
मार्चमध्ये पहाटे एक पोरगा आला,
नाण्यांचा डबा उचकटून घेऊन गेला.
सत्तेचाळीस डॉलर, सगळी पाव-पाव डॉलरची नाणी.
दारात वळून घारपुऱ्यांना "सॉरी" म्हणाला.
त्या सॉरीचीच भीती बसली, म्हणतात.

फोन आला बुधवारी. मी भेंडी चिरत होतो.
बाईंचं नाव लुट्झ, आवाज मऊ.
किती वर्षं ओळखता?
एकोणीस.
रागीट आहेत?
कॅरममध्ये राणी घेऊन कव्हर चुकलं तर, तेवढंच.
(हे त्यांना समजावण्यात मिनिटभर गेलं.)
आणखी काही सांगायचंय?

नोव्हेंबरातली एक रात्र जिभेपर्यंत आली.
काचेबाहेरून पाहिलं होतं मी :
रिकामा ड्रायर लावून
त्याच्या गोल खिडकीसमोर ते बसलेले,
आत चिंधीसुद्धा नाही, नुसतं गरगर,
थांबला की उठायचे, पुन्हा नाणं टाकायचे,
स्वतःच्याच मशीनमध्ये.
मी दारावर टकटक केली नाही. थंडी होती.

"नाही," म्हणालो. "सज्जन माणूस."
भेंडीचा चिकटा फोनला लागला होता.

महिन्याभरात कार्ड आलं, फोटोत डोळे अर्धे मिटलेले.
पाच वर्षांची मुभा, जवळ बाळगण्याची, लपवून.
मी जे लपवलं
त्याला कुठे अर्ज करावा लागत नाही.

आता भेटलो की मिठी आम्ही जरा डावीकडून मारतो.
ठरवलेलं कोणीच नाही.

नदीच्या मधोमध हे राज्य संपतं.
पलीकडे न्यू जर्सी, तिथे त्यांचं कार्ड
म्हणजे प्लॅस्टिकचा एक तुकडा.
लेक तिकडेच, फिलिप्सबर्गला.
म्हणून दर रविवारी ते वस्तू तिजोरीत ठेवतात,
कुलूप दोनदा ओढून बघतात,
जिन्यावरून परत जाऊन तिसऱ्यांदा,
आणि मग आम्ही पुलावरून चालत निघतो.
अर्ध्यावर त्यांचा हात आपसूक कमरेकडे जातो,
काही सापडत नाही,
थोडा वेळ तिथेच राहतो.

परवा मी विचारलंच, झोप लागते का?
पाण्याकडे बघत म्हणाले,
"त्या बाईंना काय सांगितलंत तुम्ही?"
"वर्तणूक : चांगली."
हसले की खोकले, वाऱ्यात कळलं नाही.

पलीकडच्या टोकाला नात उभी होती,
एका पायात मोजा नसलेली.
धावत आली आणि बिलगली
नेमकी उजवीकडून.